ठोकेवाली

कारखान्यात तिला सगळे ठोकेवाली म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, आणि तिथेच सुखाने पडून होतं. नव्याने लागलेल्या माणसाला वाटायचं, ही बाई मागच्या शेडमध्ये पत्रा ठोकत असणार. मग कधीतरी तो तपासणीच्या खोलीत डोकावायचा आणि बघायचा तर काय, एक बुटकीशी बाई खुर्चीवर दोन उशा घालून बसलीय आणि तिच्यापुढच्या टेबलावर एक हृदय चालू आहे.

हृदय म्हणजे हाडामांसाचं नव्हे. एक पेटी होती ती. बिस्किटांचा मोठा डबा आडवा ठेवला तर जेवढी जागा घेईल तेवढी. पुढे एक छोटी काच, सहा-सात बटणं आणि एक गोल नॉब. तिला सिग्नल जनरेटर म्हणतात. विजेच्या लाटा काढायच्या एवढंच तिचं काम. सांगाल तेवढी उंच, सांगाल तेवढी जलद. पलीकडच्या इमारतीत तसलीच पेटी रेडिओ तपासायला वापरत. ठोकेवाली मात्र तिच्यातून माणसाच्या छातीत उठते तशी लाट काढायची आणि ती तारेने नेऊन मॉनिटरला द्यायची. दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी हिरव्या रेघेचं यंत्र असतं ना, तोच मॉनिटर. त्या बिचाऱ्याला काय कळतंय. त्याला वाटायचं, आपल्याला माणूसच जोडलाय. रेघ टुणटुण उड्या मारत निघायची आणि बाजूला आकडा यायचा, साठ.

ती या कारखान्यात आली तेव्हा तिच्या हातात फडकं होतं. टेबलं पुसायची, फरशी पुसायची, चहाचे कप विसळायचे. त्या वेळी तपासणीला एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. स्वभावाने कडू. त्यांच्या टेबलाला कुणी हात लावला की त्याची पुढची पिढीसुद्धा उद्धारायचे. पण ही पुसून गेली की प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे, जशी वाकडी होती तशीच वाकडी ठेवलेली असायची. मास्तरांनी महिनाभर हे पाहिलं आणि एक दिवस फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, बस इथे.

त्यांनी जे शिकवलं ते तिने गिरवून गिरवून अंगात मुरवलं. सकाळी आल्या आल्या पेटी चालू करायची आणि अर्धा तास तिच्याकडे बघायचंही नाही, कारण गार पेटी थापा मारते. गरम झाली की मगच तिचा आकडा खरा. तार जोडताना लाट बंद हवी. लाटेची उंची आधी अगदी लहान ठेवायची, मग वाढवायची, नाहीतर समोरचं यंत्र भाजून निघतं. आणि ती उंची तरी केवढी? मास्तरांनी टेबलावर घड्याळाचा एक सेल ठेवला होता. म्हणाले, यातल्या विजेचे दीड हजार सारखे तुकडे कर. त्यातला एक तुकडा. माणसाचं हृदय चालतं तेव्हा कातडीवर एवढंच उमटतं.

ती त्या सेलकडे बघतच राहिली होती. एवढंसं? आपण चालतो, भांडतो, लग्नं लावतो, जिन्यावरून खालीवर करतो, आणि त्या सगळ्याची बाहेर उमटणारी खूण एवढीशी? घरी आल्यावर तिने नवऱ्याच्या छातीवर कान ठेवला. नवरा शिंपी. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्याला काही विचारता आलं नाही.

प्रत्येक मॉनिटरच्या चार परीक्षा असत. साठ ठोके द्यायचे, बरोबर साठ दाखवतो का बघायचं. मग तीसवर आणायचं, त्याने मंद झाल्याची घंटा द्यायला हवी. मग दीडशे, त्याने जलद झाल्याची घंटा द्यायला हवी. आणि चौथी परीक्षा थांबण्याची. पद्धतीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं, बटण दाबून लाट बंद करावी, दहा सेकंदांच्या आत मॉनिटरने मोठी घंटा दिली पाहिजे.

मास्तरांनी पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा तिला पाचवा महिना होता. त्यांनी बटण दाबलं. चालती रेघ एकदम आडवी झाली आणि मॉनिटर किंचाळला. तिचा हात आपोआप पोटावर गेला. मग मास्तर म्हणाले, आता तू कर, आणि चहाचा कप घ्यायला वळले. तिने बटणावर बोट ठेवलं. बोट काही दाबेना. ती काही खुळी नव्हती, ही नुसती वीज आहे हे तिलाही कळत होतं. पण चालतंबोलतं एकदम तोडायचं तिच्याच्याने होईना. मग तिने बटण सोडलं आणि नॉब धरला. हळूहळू, हळूहळू लाट लहान करत नेली. उड्या ठेंगण्या झाल्या, मग नुसत्या थरथरल्या, मग रेघ निजली. थोड्या वेळाने घंटा वाजली. मास्तर कप घेऊन वळले, घंटा ऐकली आणि म्हणाले, जमलं.

झालं. तेव्हापासून एकोणीस वर्षं ठोकेवालीने चौथी परीक्षा नॉबने केली. पोटातली मुलगी कॉलेजात जायला लागली, मास्तर घरी बसले, पेटी दोनदा बदलली. बाईचा हात तोच. आणि दर कागदाखाली छापलेलं असायचं, पुस्तकातील पद्धतीनुसार तपासले, त्याच्याखाली तिची गोल गोल सही.

त्या वर्षी नवा मॉनिटर निघाला. तो एका तरुण इंजिनीअर मुलीने बनवला होता. मुलगी हुशार, बोलायला फटकळ, ठोकेवालीला मावशी म्हणायची आणि डब्यातलं न विचारता खायची. तिच्या मॉनिटरमध्ये एक नवी करामत होती. फार अशक्त माणसाची लाट इतकी बारीक असते की जुन्या यंत्रांना ती दिसत नाही, उगाच घंटा वाजते आणि नर्स धावत सुटतात. हे यंत्र बारीक लाट दिसली की आपणहून तिला मोठं करून बघायचं. मुलगी म्हणायची, मावशी, याला मी चष्मा लावलाय. एका नव्या दवाखान्यासाठी असे चाळीस मॉनिटर तयार होते आणि शुक्रवारी गाडी यायची होती.

बुधवारी ठोकेवालीने पहिला मॉनिटर टेबलावर घेतला. साठ, बरोबर. तीस, घंटा. दीडशे, घंटा. मग साठवर आणून तिने नॉब धरला आणि नेहमीसारखी लाट हळूहळू निजवली. पेटीच्या काचेवर आकडा शून्य झाला. ती घंटेची वाट बघत बसली.

घंटा वाजली नाही. रेघ उड्या मारत होती. बाजूचा आकडा म्हणत होता, एकोणसाठ.

तिला वाटलं, आपल्याच हातून नॉब पुरता फिरला नाही. तिने पाहिलं, शून्यच होतं. शेजारी लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप होता, तिने तार त्याला लावून पाहिली. तिथे दोरीसारखी सरळ रेघ, ठोक्याचा मागमूस नाही. आणि मॉनिटर आपला चाललाय, एकोणसाठ, बासष्ट, अठ्ठावन्न. पलंगावर कुणी नाही, पलंगसुद्धा नाही, आणि यंत्र म्हणतंय, माणूस बरा आहे.

तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिन्ही तसेच.

इंजिनीअर मुलीला बोलावलं. ती आली, उभ्या उभ्या लाट सुरू केली आणि पुस्तकात होतं तसं बटण दाबलं. सहाव्या सेकंदाला घंटा. दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला पाच. मुलगी म्हणाली, पास तर होतायत मावशी, तुम्ही काय केलंत मग?

इथे खरं सांगायचं होतं. पण हे सांगायचं म्हणजे तेही सांगायचं. एकोणीस वर्षांच्या कागदांवर पुस्तकातील पद्धतीनुसार असं लिहून खाली सही करणारी बाई पुस्तकाप्रमाणे वागतच नव्हती, हे आपल्याच तोंडाने सांगायचं. मग ही खुर्ची कसली राहते? ठोकेवाली म्हणाली, तारेची क्लिप सैल असेल गं. मुलीने खांदे उडवले, डब्यातला एक घास उचलला आणि गेली. ठोकेवालीने त्या दिवशी एकाही कागदावर सही केली नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाली.

घरी नवरा कापड बेतत होता आणि सासूबाई खिडकीशी बसून बाहेर कोण कोण जातंय याची नोंद ठेवत होत्या. बटाटे सोलता सोलता तिने दोघांना सगळं सांगितलं. नवऱ्याने कात्री खाली ठेवली नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकात आहे तेच त्या पोरीने केलं, यंत्र पास झालं, मग तू सही कर आणि मोकळी हो. तुला कुणी विचारलंय? त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. त्या खुर्चीवरून उतरलेली बायको कशी दिसेल ते त्याला बघायचं नव्हतं.

सासूबाईंनी वेगळंच धरलं. म्हणाल्या, एकोणीस वर्षं स्वतः लिहिल्याप्रमाणे केलं नाहीस, आणि मला औषध दहा मिनिटं उशिरा घेतलं तर बोलतेस.

मग त्यांनी विचारलं, ते यंत्र नसलेले ठोके मोजतं म्हणालीस ना? मोठं करून बघतं म्हणून?

ती हो म्हणाली.

"तुझा सासरा बटण दाबल्यासारखा गेला नाही," सासूबाई म्हणाल्या. "दुपारभर त्याचं मनगट धरून बसले होते. ठोका बारीक बारीक होत गेला, तसा मी अंगठा अजून दाबला. लागत होता गं ठोका. मी सगळ्यांना सांगत होते, आहेत, अजून आहेत. मग डॉक्टर आला, त्याने माझा अंगठा बाजूला केला. म्हणाला, बाई, यांना जाऊन बराच वेळ झाला. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, तुम्ही तुमचाच मोजत होतात."

ठोकेवालीच्या हातातला बटाटा तसाच राहिला. वीस वर्षं एका घरात राहून ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. नवऱ्यालाही नसावी, कारण कात्रीचा आवाज थांबला होता. आणि दुःखाच्या जागी तिला भलतंच काहीतरी लख्ख दिसलं. त्या यंत्राने अंगठा ठेवलाय. बारीक लाट दिसेना म्हणून ते मोठं करून, अजून मोठं करून बघतंय, आणि शेवटी स्वतःच्याच पोटातली सळसळ मोजत बसलंय.

गुरुवारी सकाळी तिने पेटी चालू केली. पेटी गरम होईपर्यंत तिने मुलीला शोधून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मुलगी आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"मावशी, तुम्ही पद्धतच पाळली नाहीत, तर तुमचा निकाल मी कशाला धरू?"

"माझा नको धरूस. तू फिरव."

मुलीने नॉब धरला आणि खर्रकन खाली आणला. चार सेकंदही लागले नसतील. घंटा वाजली. ती म्हणाली, बघा, वाजली. तिने परत केलं, या वेळी दहा सेकंद लावून. परत वाजली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला लागली. ठोकेवालीने उठून तिच्या हातावर आपला हात ठेवला. म्हणाली, अगं, नळ बंद करतेस का? हळू.

दोघींचे हात एका नॉबवर. उड्या ठेंगण्या होत गेल्या आणि मॉनिटर त्यांच्या मागे मागे निघाला. लाट खाली जाई, तो आपलं बघणं वाढवी. लाट अजून खाली, तो अजून जवळ जाई; एकदम तोडली तर त्याला पाठोपाठ जायला वेळच मिळत नसे. पडद्यावर उड्या तेवढ्याच्या तेवढ्याच. पेटीवर शून्य आलं आणि मॉनिटरने सांगितलं, एकसष्ट.

मुलीने हात लांब करून जनरेटरचं मागचं बटण बंद केलं. पेटीची काच काळी पडली. आता त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीही नव्हतं. मॉनिटर म्हणाला, अठ्ठावन्न. साठ. साठ.

कारखान्याच्या साहेबांना बोलावून आणलं. साहेबांच्या मागून कुणी कुणी येत गेलं, जोडणीवाले, पॅकिंगच्या बायका, दारावरचा रखवालदार. टेबलाभोवती अकरा माणसं उभी राहिली. एरवी ज्या खोलीत थट्टेशिवाय चहा गळ्याखाली उतरत नसे, तिथे नुसती ती हिरवी रेघ चालत होती. रखवालदाराने हळूच विचारलं, हे कुणाचं आहे? त्याला कुणी हसलं नाही. पॅकिंगमधल्या एकीने स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं. बंद पेटी, मेलेली तार, आणि एक यंत्र इतक्या मायेने, इतक्या चिकाटीने शोधतंय की त्याला नसलेलंही सापडतंय. ज्यांनी ती यंत्रं स्वतःच्या हातांनी जोडली होती तीच माणसं तोंडात बोट घालून बघत होती.

साहेबांनी शेवटी चाळीसच्या चाळीस मॉनिटर अडवायला सांगितले. मग सगळ्यांना बाहेर घालवलं आणि ठोकेवालीला विचारलं, हे तुम्हाला कसं सापडलं?

तिने अंगठ्याची गोष्ट सांगितली. मग बटणाची. पाचव्या महिन्याचीही सांगितली, आता राखायचं काय उरलं होतं.

"एकोणीस वर्षं?" साहेब म्हणाले.

"हो."

"आणि किती मॉनिटर?"

"मोजले नाहीत साहेब."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते ओरडले असते तर बरं, असं तिला झालं. त्यांनी भांडारातून जुन्या प्रत्येक प्रकारचा जपून ठेवलेला एक एक नमुना मागवला आणि मुलीला बटण दाबून तपासायला बसवलं. सात नमुने. प्रत्येक वेळी बटण दाबलं की ठोकेवाली डोळे मिटायची आणि घंटा वाजली की उघडायची. सातही वाजले. तिचा जीव भांड्यात पडला, पण साहेबांचा निर्णय व्हायचा होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितला. खुर्ची राहील. सही सहा महिने नाही. बटणाची परीक्षा मुलगी करील आणि कागदावर सही तीच करील. ठोकेवाली शेजारी बसेल.

बाकीच्यांतल्या काहींना हे फार झालं असं वाटलं, काहींना कमी वाटलं. तिला बरोबर वाटलं. सही खोटी होती, सापडलेलं खरं होतं. दोन्हीचा हिशोब एकाच कागदावर मांडता येत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने तिला नव्या उशा शिवून दिल्या. एका जागी सहा महिने नुसतं बसायचं म्हणजे काही गंमत नव्हे, म्हणाला.

मुलीने चाळीस मॉनिटरांचं बघणं सुधारलं. कुठवर मोठं करायचं त्याला तिने बांध घातला. त्या बांधापलीकडे त्याने कबूल करायचं, मला दिसत नाही, आणि घंटा द्यायची. दोन आठवडे ती तपासणीच्या खोलीतच होती आणि आता डब्यातलं विचारून खात होती, ते ठोकेवालीला अजिबात आवडलं नाही.

मग पद्धतीचं पुस्तक दुरुस्त करायची वेळ आली. साहेब स्वतः कागद घेऊन टेबलापाशी आले. पाचवी परीक्षा, त्यांनी लिहिलं, लाट हळूहळू शून्यावर आणावी. लिहून थांबले. म्हणाले, हळूहळू हे काही माप झालं नाही. प्रत्येकाचं हळू वेगळं. किती सेकंद?

ठोकेवालीला सांगता येईना. तिने कधी मोजलं होतं?

साहेबांनी खिशातून मोजायचं घड्याळ काढलं. ती पेटीपुढे बसली, साठ लावले, नॉब धरला. लोक बघतायत म्हणून सुरुवातीला तिचं बोट अवघडलं, मग लाटेकडे बघता बघता ते सैल झालं. ब्याण्णव सेकंद. साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, परत. एक्क्याण्णव. परत. ब्याण्णव. मुलीने करून पाहिलं तर एकदा चाळीस आले, एकदा सव्वाशे, एकदा सत्तर. ती चिडून म्हणाली, मावशी, मनात मोजता का काही?

"नाही गं. ती जाते, मी नुसती हात लावून असते."

साहेबांनी तिला चौथ्यांदा करायला लावलं. मध्येच बाहेर गाडीचा भोंगा वाजला, कुणीतरी दार आपटलं, तिची मान वळली. तरी ब्याण्णव. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. हा माणूस आयुष्यभर मोजमापात वाढलेला, एकशेएक यंत्रांचे आकडे त्याने दरवर्षी थोडे थोडे सरकताना पाहिले होते. एकोणीस वर्षं कुणी न मागितलेली, कुणी न पाहिलेली एक गोष्ट अशी जागच्या जागी ठाम असलेली त्याने बहुधा पाहिली नव्हती. त्यांनी हळूहळू हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, दीड मिनिट.

मग जायला उठले, आणि गेले नाहीत. मुलीची खुर्ची ओढून पेटीसमोर बसले.

"अजून एकदा करा," ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, साहेब, आकडे तर पुरेसे झालेत.

साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं होतं. ठोकेवालीने साठ लावले, रेघ उड्या मारत निघाली, आणि तिने नॉबवर बोटं ठेवली.